त्र्यंबकजी डेंगळे : एका कुप्रसिद्धीची घडण

१

मराठेशाहीच्या उत्तरकाळातील काही व्यक्तींचे स्मरण त्यांच्या चरित्रामुळे न राहता त्यांच्यावरील आरोपामुळे राहिले आहे. आनंदीबाईचे नाव निघताच ‘ध’चा ‘मा’ आठवतो. घाशीराम कोतवालाचे नाव निघताच कोठडीत गुदमरलेले ब्राह्मण आठवतात. आणि त्र्यंबकजी डेंगळे म्हटले की गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरातील खून डोळ्यांपुढे येतो. पहिल्या दोन व्यक्तींचा वाङ्मयीन प्रवास अभ्यासकांना बऱ्यापैकी परिचित आहे. घाशीरामावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये गद्य ग्रंथ लिहिला आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या नाटकाने हे नाव भारतातील अनेक भाषांत पोचविले. त्र्यंबकजीचा प्रवास मात्र तितकाच उद्बोधक असूनही काहीसा उपेक्षित राहिला आहे.

या तिन्ही आरोपांत एक साम्य दिसून येते. नारायणराव पेशव्याच्या १७७३ मधील वधाची जबाबदारी रामशास्त्र्यांनी रघुनाथरावावर ठेवली. लोककथेने मात्र ती त्याच्या पत्नीच्या लेखणीवर ढकलली. पुण्याच्या कोतवालीतील जुलमाचे खापर फुटले ते कोतवालावर. कोतवालाला अधिकार देणाऱ्या कारभाराची चर्चा पुष्कळ उशिरा सुरू झाली. १८१५ च्या खुनातही संशयाची रेषा दुसऱ्या बाजीरावापर्यंत जात होती, परंतु खुनी म्हणून तहात नाव लिहिले गेले ते त्याच्या कारभाऱ्याचे. त्र्यंबकजी दोषी होता की निर्दोष, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो दोष कोणाकोणाच्या उपयोगी पडला आणि त्या उपयोगातून त्याची प्रतिमा कशी घडली, हा प्रश्न इतिहासाइतकाच वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. येथे मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

त्र्यंबकजी हा संगमनेरच्या परिसरातील निमगाव जाळी येथील डेंगळे पाटलांच्या घराण्यातला. दरबारात त्याचा प्रवेश झाला तो जासूद म्हणून. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराच्या स्वारीपुढे बाजीराव पुण्याहून महाडकडे पळाला, त्या धावपळीत पुण्याचे पत्र पोचवून त्याचे उत्तर अत्यंत थोड्या वेळात परत आणल्याने तो धन्याच्या नजरेत भरला, असे ग्रँट डफ सांगतो. त्याच वर्षाच्या अखेरीस वसईचा तह झाला आणि पेशव्याने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. त्र्यंबकजीच्या उत्कर्षाची आणि पेशव्याच्या परावलंबनाची सुरुवात अशी एकाच प्रसंगातून झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जासूद हा निरोपाचा वाहक असतो. निरोप कोणता आहे हे ठरविणे त्याचे काम नव्हे. तो वेळेत आणि बिनचूक पोचविणे हीच त्याची गुणवत्ता. त्र्यंबकजी पुढे कारभारी झाला, मक्ते आणि इजारे त्याच्या हाती आले, परंतु त्याची ओळख या पहिल्या गुणावरच टिकून राहिली. धन्याची आज्ञा झाली तर आपण गोहत्याही करू, असे त्याने रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याजवळ बोलून दाखविल्याचे डफने नमूद केले आहे. हे उद्गार शब्दशः खरे असोत वा नसोत, त्यांत आरोपाचे बीज साठविलेले आहे. जो माणूस धन्यासाठी महापातकही करील, त्याच्याबाबत खुनाचा संशय घेण्यास वेगळ्या हेतूची गरज उरत नाही. परंतु याच वाक्याचा दुसरा अर्थही होतो: असा माणूस आज्ञेवाचून काही करणार नाही. एल्फिन्स्टनच्या काळापासून आजपर्यंत या वाक्याचा पहिला अर्थ वारंवार घेतला गेला, दुसरा क्वचितच.

दरबारात त्याला शत्रू पुष्कळ होते. सदाशिव माणकेश्वर हा जुना कारभारी मागे पडला. रेसिडेन्सी आणि दरबार यांच्यामधील दुवा असलेला खुर्शेदजी मोदी याच्याशी त्याची स्पर्धा होती आणि १८१५ च्या आरंभी मोदी विषप्रयोगाने मरण पावला. ब्राह्मण मुत्सद्द्यांच्या दरबारात एक पाटील, आणि तोही जासुदाच्या जागेवरून चढलेला, मुख्य सल्लागार व्हावा हे अनेकांना सहन होण्यासारखे नव्हते. त्याच्याविषयीच्या पुढील लेखनात जी तुच्छता आढळते, तिच्यात या सामाजिक अंतराचा वाटा किती, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

३

खुनाची पार्श्वभूमी हिशेबाची होती. बडोद्याच्या गायकवाडांकडे पेशव्याची जुनी येणी होती आणि अहमदाबादच्या इजाऱ्याची मुदत १८१४ मध्ये संपत होती. या वाटाघाटीसाठी गायकवाडांचा प्रतिनिधी म्हणून गंगाधरशास्त्री कंपनीच्या हमीने पुण्यास आले. अहमदाबादचा इजारा मात्र गायकवाडांस न मिळता त्र्यंबकजीच्या नावे झाला. शास्त्री विद्वान आणि चतुर होते, तसेच इंग्रजी रीतिभाती उचलून धरणारे होते. त्यांच्या भरभर चालण्याबोलण्याचे आणि पेशव्याविषयीच्या अनादराचे गमतीदार वर्णन एल्फिन्स्टनने केले आहे. आरंभीच्या विरोधानंतर दरबाराने त्यांना आपलेसे करण्याचा प्रयत्न केला. पेशव्याची मेहुणी शास्त्र्यांच्या मुलास देण्याचे ठरले. पुढे शास्त्र्यांनी विवाह लांबणीवर टाकला आणि आपल्या पत्नीस वाड्यात पाठविण्यासही नकार दिला. पेशव्याच्या मनात अढी बसली ती यामुळे, असे मानले जाते.

जुलै १८१५ मध्ये आषाढीच्या यात्रेनिमित्त बाजीराव, त्र्यंबकजी आणि शास्त्री पंढरपुरात होते. रेसिडेंट त्या वेळी वेरूळला होता. प्रकृती बरी नसल्यामुळे शास्त्र्यांनी देवदर्शनास जाण्याचे प्रथम नाकारले, परंतु त्र्यंबकजीकडून पुन्हा आग्रहाचे निरोप आल्यावर ते थोडे लोक बरोबर घेऊन निघाले. गर्दीत शास्त्री कोणते असे एकाने विचारले आणि कंठी घातलेले ते, असे दुसऱ्याने सांगितले, हे त्यांच्या एका माणसाने ऐकले होते. त्या वेळी त्याने त्याकडे लक्ष दिले नाही. दर्शन घेऊन, त्र्यंबकजीशी बोलून ते परतत असताना वाट द्या असे ओरडत मागून धावत आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना रस्त्यातच ठार केले.

पुरावा होता तो असा परिस्थितिजन्य. आग्रहाचे निरोप, मंदिरातील भेट, खुनानंतर तपासात दिसलेली दिरंगाई, या सर्वांचा रोख त्र्यंबकजीकडे होता. याच वेळी बडोद्याच्या दरबारातील शास्त्र्यांच्या विरोधी पक्षाचे, म्हणजे सीताराम रावजीच्या बाजूचे, गोविंदराव बंधूजी व भगवंतराव गायकवाड हे हस्तकही पुण्याच्या दरबाराभोवती वावरत होते आणि त्यांच्यावरही कटाचा आरोप आला. कट होता, असे मानण्यास जागा आहे. त्यात कोणाचा वाटा किती, हे न्यायासनापुढे कधीच ठरले नाही. त्र्यंबकजीची उघड चौकशी कोणत्याही न्यायालयात झाली नाही.

येथे एल्फिन्स्टनच्या धोरणाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. पेशवा या प्रकरणात अलिप्त होता असे त्यालाही वाटत नव्हते. परंतु राजाला खुनी ठरविणे म्हणजे ताबडतोब युद्ध ओढवून घेणे होते. म्हणून त्याने धनी आणि चाकर यांच्यात रेषा ओढली. त्र्यंबकजीला दोषी म्हणावे आणि बाजीरावाला त्याच्यापासून अलग होण्याची संधी द्यावी, ही योजना राजनीती म्हणून कुशल होती. काही काळ टाळाटाळ करून बाजीरावाने ती संधी घेतली. त्र्यंबकजीला वसंतगडावर ठेवून, पुढे सप्टेंबर १८१५ मध्ये त्याने त्याला इंग्रजांच्या स्वाधीन केले. एक ‘खुनी कारभारी’ असणे हे या क्षणी दोन्ही पक्षांच्या सोयीचे झाले होते. कंपनीला पेशव्यावर दडपण आणण्यास कारण मिळाले आणि पेशव्याला आपली गादी तात्पुरती राखता आली.

इंग्लंडच्या इतिहासातील टॉमस बेकेटचा वध येथे सहज आठवतो. ११७० मध्ये कँटरबरीच्या मंदिरात चार सरदारांनी त्याला मारले; राजा दुसरा हेन्री याची इच्छा हीच आज्ञा मानून त्यांनी ते केले, अशी समजूत आहे. तेथेही धर्मस्थान, राजाचा रोष आणि आज्ञेचा पुरावा नसणे या गोष्टी एकत्र आल्या. परंतु हेन्रीला स्वतः प्रायश्चित्त घ्यावे लागले. टी. एस. एलियटच्या १९३५ मधील नाटकात मारेकरी थेट प्रेक्षकांपुढे येऊन आपली बाजू मांडतात. पंढरपूरच्या प्रकरणात राजाचे प्रायश्चित्त नाही आणि आरोपीचे निवेदनही नाही. त्र्यंबकजीचे म्हणून जे शब्द उपलब्ध आहेत, ते त्याच्या विरोधकांनी नोंदलेले आहेत.

४

ठाण्याच्या किल्ल्यात त्याला ठेवण्यात आले. देशी शिपायांना वश करून घेतले जाईल या भीतीने पहारा गोऱ्या शिपायांचा ठेवला होता. नेमकी हीच सावधगिरी अंगाशी आली. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे चाकरीस असलेला मराठा मोतद्दार घोडा फिरविताना कैद्याच्या खिडकीखालून जाई आणि सहज गुणगुणल्यासारखे गाई. त्या गाण्यात बातमी असे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी किल्ल्यातून निसटला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग होय. त्याच्या दोन नोंदी तुलनेसाठी समोर ठेवण्यासारख्या आहेत. ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या इतिहासात गाण्यातून निरोप पोचविला गेला एवढेच सांगतो. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२५ मध्ये मुंबई इलाख्यात आला असता त्याने ही कथा ऐकली. त्याच्या मृत्यूनंतर १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात गाण्याचा इंग्रजी पद्यपाठच आला आहे. झाडीत दबा धरून बसलेले सोबती, घोडे आणि एका स्वाराची वाट पाहणारे पथक असा त्याचा आशय आहे. हेबरला स्कॉटलंडच्या सीमेवरील लुटारूंच्या कथांची आठवण झाली आणि त्या पाठाची चालही इंग्रजी बॅलडचीच आहे.

एका मोतद्दाराची सांकेतिक गुणगुण अशा रीतीने बारा वर्षांत इंग्रजी बॅलड झाली. हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. डफच्या नोंदीत गाणे हे साधन आहे. हेबरच्या नोंदीत ते काव्य आहे आणि त्याबरोबर कैदीही साहसकथेचा नायक बनला आहे. ज्या इंग्रजी कागदपत्रांनी त्र्यंबकजीला खुनी म्हणून रंगविले, त्यांच्याच परंपरेत त्याच्या शौर्यकथेचा पहिला छापील पाठ निर्माण झाला, हा विरोध लक्षणीय आहे. भाषेच्या अंगानेही यात बोध आहे. शिपायांना मराठी येत नव्हते म्हणून गाणे कैद्यापर्यंत पोचले. आणि इंग्रजीत उतरले म्हणून ते ग्रंथात राहिले. मध्ये जे मराठी शब्द होते त्यांचे काम ठाण्याच्या त्या भिंतीपाशीच संपले.

५

सुटकेनंतर त्र्यंबकजी शंभुमहादेवाच्या डोंगराळ मुलखात वावरला. रामोशी, भिल्ल इत्यादींच्या साह्याने तो माणसे जमवू लागला. बाजीरावाचे त्याला आतून साह्य आहे, असा एल्फिन्स्टनचा आरोप होता. मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले ओलीस म्हणून मागण्यात आले. पाठोपाठ जूनमध्ये पुण्याचा तह झाला. त्याच्या पहिल्याच कलमात त्र्यंबकजी हा शास्त्र्यांचा खुनी असल्याचे पेशव्याने मान्य केले आणि तो हाती येईपर्यंत त्याचे कुटुंब इंग्रजांच्या ताब्यात देण्याचे ठरले. पुढील कलमांत मराठा राज्यमंडळाच्या प्रमुखत्वावरील हक्क पेशव्याने सोडला. गायकवाडांवरील येणी वार्षिक चार लाखांवर निकालात निघाली आणि चौतीस लाखांचा मुलूख कंपनीकडे गेला. एका माणसाच्या अपराधाचे कलम आरंभी आणि एका सत्तेच्या विसर्जनाची कलमे त्यामागे, अशी त्या तहाची रचना आहे. चौकशीवाचून राहिलेला आरोप येथे राजाच्या सहीने सिद्ध ठरला. त्र्यंबकजीच्या कुप्रसिद्धीचा अधिकृत पाठ तो हाच.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस युद्धाला तोंड लागले. पळत्या पेशव्याच्या सैन्याला त्र्यंबकजी येऊन मिळाला. जून १८१८ मध्ये बाजीराव सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिकच्या बाजूस अहिरगाव येथे कॅप्टन स्वान्स्टनने त्र्यंबकजीला पकडले. पुढे त्याला गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. हेबरने १८२४ मध्ये तेथे त्याला पाहिले. कडक पहाऱ्यातील हा कैदी म्हणजे प्रवाशांना दाखविण्याची एक वस्तू होऊन गेला होता. चुनार येथेच त्याचा अंत झाला.

बाजीराव आठ लाखांच्या वार्षिक तनख्यावर बिठूरला राहिला आणि १८५१ पर्यंत जगला. बिठूरही गंगेच्याच काठी आहे. धनी वरच्या अंगास, चाकर खालच्या अंगास. एकाला तनखा, दुसऱ्याला कोठडी. १८१५ मध्ये रेसिडेंटने त्या दोघांत जी रेषा ओढली होती, ती त्यांच्या अखेरीपर्यंत कायम राहिली.

६

प्रतिमेचा पुढील इतिहास तीन टप्प्यांत पाहता येतो. पहिला टप्पा इंग्रजी लेखनाचा. १८२६ मध्ये डफचा इतिहास लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या विल्यम ब्राउन हॉकले याची ‘पांडुरंग हरी’ ही कादंबरीही प्रसिद्ध झाली. एका हिंदू माणसाचे आत्मकथन असा तिचा बहाणा आहे आणि बाजीरावाच्या काळातील पुणे दरबार, त्यातील त्र्यंबकजीसह, तिच्यात कपट व लाचलुचपत यांचे आगर म्हणून येतो. म्हणजे त्र्यंबकजी इतिहासात आणि कादंबरीत एकाच वर्षी शिरला आणि दोन्हींतील चित्र जवळपास सारखे होते. कादंबरीने इतिहासाची साक्ष घ्यावी आणि इतिहासाला कादंबरीमुळे रंग चढावा, असा हा व्यवहार होता.

दुसरा टप्पा या चित्राच्या मराठीत परतण्याचा. डफच्या ग्रंथाचे डेव्हिड केपनने केलेले भाषांतर १८३० च्या सुमारास ‘मराठ्यांची बखर’ या नावाने निघाले आणि दीर्घकाळ वाचले गेले. ‘बखर’ हे नाव येथे फसवे आहे. बखरकार धन्याच्या बाजूने लिहितो. या बखरीत मात्र जिंकणाऱ्या पक्षाच्या दफ्तरातील निष्कर्ष मराठी गद्यात आले. ज्यांच्या आजोबांनी त्र्यंबकजीला पाहिले असेल, त्या विद्यार्थ्यांना तो या पुस्तकातून माहीत झाला. १८६० नंतरच्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी या ग्रंथावर टीका लिहिली आणि मराठी माणसाने आपली साधने आपण तपासावीत असा आग्रह धरला. त्या टीकेपासून आधुनिक मराठी इतिहाससंशोधनाचा एक प्रवाह सुरू झाला. परंतु संशोधकांचे लक्ष स्वाभाविकपणे राज्यसंस्थापकांकडे आणि पहिल्या पेशव्यांकडे होते. अखेरच्या पेशव्याच्या कारभाऱ्याची बाजू मांडण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही.

तिसरा टप्पा पुनर्विचाराचा. ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ ही कादंबरी १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक त्र्यंबकजी आहे. पुढे १९६९ मधील ‘मंत्रावेगळा’ या कादंबरीत त्यांनी दुसऱ्या बाजीरावाकडेही सहानुभूतीने पाहिले. ऐतिहासिक कादंबरीने कीर्तिवंतांचे गुणगान करावे या रूढीपासून हे वेगळे पाऊल होते. कंपनीच्या डावपेचांना ओळखणारा आणि त्यांना तोंड देण्याची धडपड करणारा पुरुष, अशा रूपात त्र्यंबकजी मराठी वाचकांपुढे आला. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला इंग्रजी दफ्तरातील निवाडा जसाच्या तसा मान्य नव्हता; या कादंबरीच्या स्वागतामागे ती भूमिका होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा पुनर्विचार आवश्यक होता. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. खलपुरुषाचा देशभक्त झाला तरी एक गोष्ट तशीच राहते. रेसिडेंटला त्र्यंबकजी युद्धाच्या कारणासाठी हवा होता. पुढील काळाला तो प्रतिकाराच्या प्रतीकासाठी हवा झाला. दोन्ही वेळी तो कोणाचा तरी निरोप वाहणारा ठरतो. शिवाय नव्या चित्रात एक माणूस मागे पडतो: पंढरपूरच्या रस्त्यावर मारला गेलेला गंगाधरशास्त्री. ते इंग्रजधार्जिणे होते, हे खरे मानले तरी हमी देऊन बोलाविलेल्या वकिलाचा यात्रेच्या गर्दीत झालेला वध त्यामुळे क्षम्य होत नाही. त्र्यंबकजीला न्याय देण्यासाठी शास्त्र्यांवर अन्याय करण्याचे कारण नाही.

७

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. त्र्यंबकजी कटात होता असे मानण्यास परिस्थितिजन्य आधार पुरेसे आहेत. तो एकटाच कटाचा कर्ता होता असे मानण्यास ते पुरेसे नाहीत. त्याची कुप्रसिद्धी या दोन विधानांमधील अंतरावर उभी आहे. ते अंतर प्रथम रेसिडेंटच्या धोरणाने, नंतर तहाच्या कलमाने आणि शेवटी इतिहास, कादंबरी व भाषांतर यांनी बुजविले.

भारतीय भाषांतील ऐतिहासिक वाङ्मयाचा अभ्यास करताना अशी उदाहरणे अन्यत्रही आढळतील. प्लासीच्या कटातील मीर जाफरचे नाव बंगालीत फितुरीचा पर्यायच झाले आहे. अशा नावांपुढे अभ्यासकाने तीन प्रश्न ठेवावेत: आरोप प्रथम कोणत्या कागदात आला, त्या कागदाने कोणाचे काम साधले, आणि आरोपीचे स्वतःचे शब्द कोणाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आले. त्र्यंबकजीच्या बाबतीत पहिले उत्तर रेसिडेन्सीच्या दफ्तरात आहे आणि दुसरे पुण्याच्या तहात. तिसरे उत्तर डफने नोंदलेल्या त्या गोहत्येच्या उद्गारात सापडते. त्या उद्गाराचा दुसरा अर्थ विचारात घेतला, तर आज्ञा पाळणाऱ्याच्या चरित्राबरोबर आज्ञा देणाऱ्याचे चरित्रही वाचणे भाग पडते. बाजीरावाच्या सहीने ज्या कलमात एकट्या त्र्यंबकजीचे नाव आले, ते कलमही मग बाजीरावाच्या चरित्राचाच एक भाग म्हणून वाचावे लागते.